लाल आधी, मग पिवळी

टेस्टरला लोक टेस्टर म्हणत ते काही कौतुकाने नव्हे. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस हातात टेस्टर घेऊन बसणारच, पण याचा संशय दुकानाच्या उंबऱ्याशी थांबत नसे. औषधवाल्याने गोळीचं नाव वाचून दाखवलं तरी चष्मा लावून पुन्हा स्वतः वाचणार. शेजाऱ्याने नुसतं "काय, बरंय ना?" विचारलं तरी त्याला का विचारावंसं वाटलं, यावर दिवसभर डोकं चालवणार. एकदोन ठिकाणी लग्नाचं जमत आलं होतं, पण त्याच्या चौकशा संपेपर्यंत त्या मुलींची दुसरीकडे लग्नं होऊन गेली.

जगात एकाच माणसाच्या शब्दावर तो डोळे मिटून विश्वास ठेवी, ती म्हणजे त्याची ताई. आई गेल्यावर तिनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, शिकवलं, दुकान टाकून दिलं. आता ती दुकानामागच्या खोलीत असे. तिची नजर हळूहळू अधू होत गेली आणि गेली काही वर्षं तर दिवस आहे की रात्र तेही तिला कळत नव्हतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. ताई तक्रार करत नसे. कधीतरी एवढंच म्हणे, "एकदा कुठलातरी रंग दिसला असता तर बरं झालं असतं रे." त्या दिवशी टेस्टरचा कामात हात चालत नसे.

कॉम्प्युटरचं ते कॅबिनेट, म्हणजे बाहेरचा रिकामा डबा, एका सकाळी आलं. आणणारा माणूस मृदू बोलणारा, नीटनेटका, आणि नजरेआड होताच चेहरा आठवू नये असा होता. काळ्या पत्र्याचा डबा, बाजूला काच, पुढे बारीक जाळी. काच काढून बघितलं तर आत पंख्यांतल्या आणि पट्ट्यांतल्या दिव्यांच्या वायरींचा गुंता. सगळ्यांच्या टोकाला सारखेच काळे, दोन भोकांचे प्लग. कशावरच काही लिहिलेलं नाही.

"दिवे लावून द्यायचे ना?" टेस्टरने विचारलं.

"दिवे लागले नाहीत तरी चालेल," तो माणूस म्हणाला. "कुठली वायर कशाची, तेवढं लिहून द्या. एकही राहू देऊ नका."

इथेच टेस्टरच्या मनात पाल चुकचुकली. दिवे नकोत आणि वायरींची नावं हवीत, असं गिऱ्हाईक त्याने आजवर पाहिलं नव्हतं. तेवढ्यात आतून ताईच्या खोकण्याचा आवाज आला. तो माणूस मागच्या दाराकडे बघत सावकाश म्हणाला, "आत कुणी असतं वाटतं?"

"असतं," टेस्टर म्हणाला, आणि विषय तोडला.

दुपारी जेवण उरकून तो कामाला बसला. त्याची पद्धत ठरलेली होती. टेबलावर जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय, त्यातून काढलेल्या वायरी. काळी मायनसची. लाल पाच व्होल्टची, पिवळी बारा व्होल्टची. अनोळखी दिव्याला आधी लाल लावायची. लागला तर ठीक, नाही लागला तरच पिवळी. उलट करायचं नाही, कारण पाचच्या दिव्याला बारा दिले तर तो क्षणभर लख्ख पेटतो आणि कायमचा जातो. धंद्याच्या सुरुवातीला त्याने असे बरेच दिवे जाळले होते. आणि शेवटचा नियम, वायर कळली की लगेच तिच्यावर पांढऱ्या पट्टीची चिठ्ठी. नंतर लिहू म्हटलं की घोळ झालाच.

काम सुरळीत चाललं. समोरचा पंखा, चिठ्ठी. वरची पट्टी, चिठ्ठी. मागचा पंखा पाचवर लागेना, त्याला पिवळी लावली, लागला, चिठ्ठी. शेवटी एक वायर उरली. ती इतरांपेक्षा मऊ होती आणि दुकानात छताचा पंखा गरगरत असूनही हाताला किंचित कोमट लागत होती. त्याने लाल लावली. डब्यात काहीच लागलं नाही.

त्याने सवयीने पिवळीकडे हात नेला.

"लाईट आली का रे?" आतून ताई म्हणाली.

टेस्टरचा हात तिथेच थांबला. लाईट गेलीच नव्हती. "गेली कुठे होती?" त्याने विचारलं.

"अरे, उजेड दिसतोय मला!"

त्याने लाल काढली. ताई आतून रडवेल्या आवाजात म्हणाली, "गेली."

दुसरा कुणी असता तर धावत आत गेला असता. टेस्टर बसून राहिला. पंख्याचा आवाज बदलला असेल, ताईचे कान तिखट आहेत, त्यावरून तिला भास होत असेल. त्याने छताचा पंखा बंद केला, मधलं दार लावून घेतलं, आणि श्वास रोखून लाल पुन्हा टेकवली.

"आली," दारापलीकडून आवाज आला.

काढली.

"गेली. अरे, कशाला खेळतोस?"

मनात येईल तसं त्याने लावून काढून पाहिलं. एकदाही ती चुकली नाही. इतकी वर्षं देव, डॉक्टर सगळे करून झाले, आणि औषध निघालं ते या पत्र्याच्या डब्यात! त्याने भरल्या डोळ्यांनी पट्टी फाडली, तिच्यावर लिहिलं, 'ताई', आणि वायरीला गुंडाळली. लिहिताना त्याने काही विचार केला नाही. वायर कळली की चिठ्ठी, एवढंच.

मग लाल चिमट्यात पक्की अडकवून तो ओरडला, "ताई, आता सांग, काय दिसतंय?"

"अंधुक आहे. पण तू दिसतोस. केवढा वाळलास रे! मिशी पिकली तुझी."

टेस्टरने मधल्या दाराकडे पाहिलं. दार बंद होतं.

"तुझ्या-माझ्यामध्ये ही जाळी कसली लावलीयस?" ताईने विचारलं.

त्याने टेबलावरचा कप उचलला आणि डब्याच्या पुढच्या जाळीसमोर धरला.

"निळा कप," ताई आतून म्हणाली, आणि लहान मुलीसारखी हसली. "निळा! कडेला टवका उडालाय."

त्याने जाळीवर तळहात ठेवला.

"अंधार नको करूस रे," ती म्हणाली.

टेस्टरने लाल काढून टाकली. ताई आतून विनवत राहिली, अजून थोडा वेळ, अगदी थोडा वेळ. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि ती वायर कुठे जाते ते शोधायला लागला. मागचा पत्रा उघडला. वायर कोपऱ्यापर्यंत जात होती आणि तिथे संपत होती. तिला काहीही जोडलेलं नव्हतं. टोक नुसतं दुमडून चिकटवून ठेवलेलं होतं. कापून टाकावी म्हणून त्याने कटर उचलला, पण कापल्यावर आत ताईचं काय होईल हे त्याला कोण सांगणार होतं? त्याने कटर खाली ठेवला. आता त्याला सकाळचा तो प्रश्न आठवला. आत कुणी असतं वाटतं?

चिठ्ठी! निदान ती तरी काढावी म्हणून त्याने नख लावलं, आणि दारात बुटांचा आवाज झाला.

"झालं ना?" तो माणूस म्हणाला.

"नाही अजून. उद्या या."

"झालंय की. चिठ्ठ्या दिसताहेत." तो येऊन टेबलाशी उभा राहिला आणि एकेक चिठ्ठी वाचू लागला. समोरचा पंखा. वरची पट्टी. मागचा पंखा. वाचताना त्याचे ओठ हलत होते. शेवटच्या चिठ्ठीवर तो थांबला. तिचं उचकटलेलं टोक त्याने अंगठ्याने दाबून पुन्हा नीट बसवलं.

"हीच राहिली होती," तो म्हणाला. "अक्षर छान आहे तुमचं."

"हे कॅबिनेट तुम्हाला मिळणार नाही," टेस्टर म्हणाला. आवाज आपलाच आहे की नाही, याचीही त्याला शंका आली. "बदली दुसरं घेऊन जा. दुकानातलं कुठलंही."

त्या माणसाने फक्त ती मऊ वायर दोन बोटांत धरून जराशी चिमटली.

"आई गं!" आतून ताई कळवळली. "डोळ्यात काय गेलं हे?"

टेस्टर बाजूला झाला.

त्या माणसाने काच बसवली, डबा दोन्ही हातांनी जपून उचलला आणि तो निघून गेला. टेस्टर मागोमाग कोपऱ्यापर्यंत धावला. रस्त्यावर भाजीवाला होता, कुत्रं होतं, शाळेतून परतणारी मुलं होती. डबा घेतलेला माणूस कुणीच पाहिला नव्हता. त्या माणसाने सकाळी लिहून दिलेल्या नंबरवर फोन केला तर एका बाईने उचलला. तिला कसल्याच कॅबिनेटची माहिती नव्हती.

त्यानंतर टेस्टरने दुकान उघडलं नाही. ताईच्या पलंगाशी खुर्ची टाकून तो बसून असे. तिने काहीही म्हटलं की दचके. ताईला वाटे, भाऊ थकलाय. उजेडाचं काय झालं, हे तिने पुन्हापुन्हा विचारलं, आणि त्याने पहिल्यांदाच तिला थाप मारली. बिघाड झालाय म्हणाला. तिने लगेच विश्वास ठेवला. ते त्याला फार लागलं.

काहीच होत नाही असं बघून तो जरासा सैलावला. मग एका सकाळी तो तिला चहा देत होता. खिडकीतून ऊन पलंगावर आलं होतं. ताईने कप ओठांपर्यंत नेला आणि तशीच थांबली.

"लाईट आली," ती म्हणाली.

टेस्टरने वर पाहिलं. दिवा बंदच होता.

"दुरुस्त केलंस होय? अरे, पण हे घर कुणाचं आहे? तू कुठेयस?"

"मी इथेच आहे. ताई, डोळे मीट."

"मिटलेलेच आहेत."

"आणखी कोण आहे तिथे?"

"एक माणूस बसलाय समोर. चेहरा काही नीट लागत नाही. जाळीपलीकडे बसलाय. चांगला वाटतोय रे. हसतोय." ताईने मान तिरकी केली. "काहीतरी विचारतोय. हाताने खूण करतोय, उजेड वाढवू का म्हणून."

"नाही म्हण! ताई, नाही म्हण त्याला!" टेस्टरने तिचे दोन्ही खांदे धरले. चहा तिच्या पदरावर सांडला. तिला पत्ता नव्हता. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद त्याने लहानपणानंतर पाहिला नव्हता.

तिने हो म्हणून मान हलवली होती.

"हातात वायर घेतलीय त्याने," ती म्हणाली. "पिवळी आहे रे. किती सुंदर पिवळी!"