चुलीखालची ओल

दार लोटा रे, वारं येतंय. आणि मध्ये हसलात तर सांगणार नाही. फिंटन गवंडी माझा सख्खा मेव्हणा, त्याच्याच तोंडून ऐकलंय.

गेल्या सालची नोव्हेंबरची दोन तारीख. फिंटन सकाळीच किनाऱ्यावरच्या सोर्चा म्हातारीकडे गेला. भिंतीतल्या चुलीखालची फरशी ओल धरायची, नातवाची छाती घरघरायची, म्हणून सून डर्वलाने बोलावलं होतं. फरशी उचलायची, खाली जाड प्लास्टिक अंथरायचं, वर काँक्रीट.

"आज नको रे बाबा," सोर्चा म्हणाली. "आज गेलेली माणसं घरी येतात. डोनल कुठं शेकेल?"

डोनल तिचा धाकटा. मासे धरायला समुद्रात गेला, तो सापडलाच नाही. दर वर्षी या रात्री ती दाराची कडी काढायची आणि पेटत्या चुलीपुढे त्याची खुर्ची मांडायची.

"मावशी, पाचच्या आत चूल पेटवून देतो. शब्द माझा!"

मूर्ख लेकाचा! ओलं काँक्रीट आठ-आठ दिवस आग सोसत नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं होय? काम हातचं जाऊ नये म्हणून बोलला.

पाच वाजले. बाहेर अंधारून आलेलं. सोर्चा सरपण घेऊन उभी. "पेटव."

"मावशी... आज नाही जमायचं. तडकेल."

तिने सरपण खाली ठेवलं. गार चुलीपुढे खुर्ची मात्र मांडली. फिंटनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाडी काढली तेव्हा सव्वासहा झाले होते. घर डोंगरात, वीस मैल. काच आतून धुरकटली. पुसली. पुन्हा धुरकटली. मागच्या सीटकडे त्याने पाहिलं नाही.

घरी चूल धगधगत होती. पुढे खुर्च्या... दोन. बायको एकच मांडते, त्याच्या वारलेल्या आईसाठी.

"ऊना, दुसरी कुणाची?"

"मी नाही मांडली. आत्ता तर नव्हती." ती मागे सरकली. "तू... कुणाला आणलंस?"



दुसऱ्या दिवशी राहिलेली थापी आणायला गेला, तर सोर्चा तिथेच बसलेली. "रात्रभर वाट पाहिली रे. या वर्षी नाही आला."

सांगायला फिंटनची जीभ रेटली नाही. त्याच हिवाळ्यात म्हातारी गेली. अजून त्याला झोप नाही.

आणि फिंटनच्या घरातली ती दुसरी खुर्ची? तिच्याखाली पाणी साचलं होतं. फिंटनने बोट बुडवून जिभेला लावलं...

खारट होतं.