दगडाचं वय काढणारा आमचा धाकटा

आमच्या धाकट्याला कुणी शिकवलं कोण जाणे, पण सरळ उत्तर द्यायचं नाही म्हणजे नाही. "जेवलास का?" विचारलं तर म्हणतो, "बहुधा."

काम काय, तर परग्रहावर उतरणाऱ्या यानाचं यंत्र जुळवायचं. ते यंत्र तिथल्या दगडावर लेझर मारतं, चिमूटभर वाफ काढतं, आणि वाफेतल्या एका पदार्थाचा दुसरा किती झालाय ते मोजून दगडाचं वय सांगतं. पाठवण्याआधी इथल्या दगडांवर सराव. त्यासाठी पठ्ठ्याने माझ्या लोणच्याच्या बरणीवरचा दगड पळवला!

तो परत द्यायला त्याच्याबरोबर काम करणारी मुलगी आली. लेझर तिच्याकडे, म्हणून मी तिला लेझरवालीच म्हणते. दगडभर टाचणीएवढी भोकं!

"माझ्या दगडाला देवी आल्या की गं!"

"एका जागचं उत्तर खरं धरत नाही आम्ही, काकू." हसली माझ्याशी, बघितलं मात्र दारातल्या धाकट्याकडे. "शर्ट उलटा घातलायस."

त्याचे कान लाल. "तू... माझ्याकडे बघतेस होय?"

"शर्टाकडे बघते."

झालं. वर्षभर तिचं काही ना काही निमित्त काढून येणं, याचं चहात साखर विसरणं. बोलायचं मात्र कुणीच नाही!

आणि आज ती दारात उभी. दुसऱ्या गावची नोकरी आलीय, उद्या हो की नाही ते कळवायचंय.

"जाऊ?"

"तू... तू ठरव ना."

मी त्याला दंडाला धरून आत नेलं. "आवडते ना तुला?"

"आवडते."

"मग बोल की, मेल्या!"

"आमच्यात तसं नसतं, आई. एकच दगड दोघांनी वेगवेगळा मोजायचा, दुसऱ्याचं होईपर्यंत आपलं उत्तर सांगायचं नाही. मी आधी बोललो तर तिचं उत्तर माझ्याकडे झुकेल..."

कपाळावर हात मारून बाहेर आले, तिला विचारलं, "तू तरी का बोलत नाहीस गं?" तर ती खाली मान घालून म्हणते, "मी आधी बोलले तर त्याचं उत्तर माझ्याकडे झुकेल, काकू."

एकाला झाकावं अन् दुसऱ्याला काढावं! त्यालाही ओढून बाहेर आणलं.

"मोजून झालंय ना दोघांचं? मग फिरवा पाठी. मी टाळी वाजवली की एकदम बोलायचं."

टाळी वाजवली.

"जाऊ नकोस —"

"जायचं नाहीये मला —"

दोघं गर्रकन वळली. त्याने हळूच तिची बोटं धरली. तिने सोडवली नाहीत. म्हटलं, आता तरी काही गोड बोलेल... तर म्हणतो, "पुन्हा एकदा करून बघू या? एका वेळचं उत्तर —"

"गप्प!" मी म्हटलं. "अक्कल आहे रे तुला, पण सगळी यानात भरून वर पाठवलीस. घरात थोडी उरली असेल तर तिला आधी बस म्हण. पोरगी मघापासून उभी आहे!"