बेटावरचे चार वीर

"सत्यशीला, चल लवकर! बेटावर ट्रॅक्टर आलाय, घणबिण घेऊन!" मच्छिंद्र धापा टाकत ओरडला. त्याच्यामागे त्याची धाकटी बहीण कौसल्या.

तिघंही नदीकडे धावत सुटली. शहागडच्या खालच्या अंगाला गोदावरीत एक बेट आहे, उन्हाळ्यात घोटाभर पाण्यातून चालत जाता येतं. सुट्टी लागल्यापासून ही तिघं तिथेच पडीक असत. काटेरी झुडपांत त्यांना चार कोरीव शिळा सापडल्या होत्या. प्रत्येकीवर खाली तलवार उगारलेला माणूस, त्याच्यामागे गाई, वर चंद्र-सूर्य.

"हे वीरगळ," सत्यशीलाच्या वडिलांनी, म्हणजे शाळेतल्या गुरुजींनी सांगितलं होतं. "गाई पळवणाऱ्यांशी लढताना जे मेले, त्यांची आठवण. शेकडो वर्षांपूर्वीची." आणि सरकारच्या पुरातत्त्व खात्याला कळवायला ते औरंगाबादला गेले होते.

नेमका आजच सडकेचं कंत्राट घेतलेला गुत्तेदार बेटावर आला, खडी फोडायला! नदीकाठी दगडांचा काय दुष्काळ होता? पण हे आयते उभे सापडले, म्हणून हेच फोडायचे. आळसालाही काही लाज असावी.

"काका, हे फोडू नका, लई जुने आहेत," सत्यशीला म्हणाली.

"जुने म्हणूनच पक्के. जा घरी, जल्दी."

मजूर भाकरी खायला झाडाखाली गेले, तेवढ्यात कौसल्या मारुतीच्या देवळातून शेंदराची पुडी घेऊन आली.

"शेंदूर दिसला की कोणी घण मारत न्हाई," मच्छिंद्र म्हणाला.

सत्यशीलाला ते मुळीच आवडलं नाही. "आमच्या घरी दगडाला देव करत न्हाईत. आन् खोटंय हे."

"मंग काय, फुटू द्यायचे?"

शेवटी तिनेच नाइलाजाने पुडी सोडली. शेंदूर एकाच शिळेला पुरला.

भाकरी खाऊन आलेल्या मजुरांतल्या कडूबाने ती शिळा पाहिली मात्र, घण खाली ठेवून हात जोडले. "मालक, मी न्हाई हात लावणार."

बातमी गावात पोचली. सरपंच सर्जेराव आले, बायामाणसं आली, मच्छिंद्रची आजी गोजरबाई नारळ घेऊन आली. गुत्तेदार मोठा बेरकी. तो गोड हसून म्हणाला, "हा देव तुमचा, सोडला. बाकी तिघांना कुठंय शेंदूर? ते फोडतो."

"बराबर आहे," सरपंच म्हणाले.

सत्यशीलाच्या अंगाचा तिळपापड झाला. "बराबर न्हाई! तो शेंदूर आम्ही लावला. हा देव न्हाई, माणूस आहे. चौघंही माणसं आहेत. इथल्या गाई सोडवताना मेली ती. आन् तुम्ही त्यांची खडी करून त्यांच्यावरून ट्रक पळवणार?"

मच्छिंद्रने कपाळावर हात मारून घेतला. केलेलं सगळं मातीत गेलं होतं.

"ऐकलं? देवच न्हाई म्हणे!" गुत्तेदार खुशीत आला. "कडूबा, उचल घण."

कडूबा जागचा हलला नाही. तो गोजरबाईकडे बघत होता. शेंदूर नसलेल्या एका शिळेवरची धूळ पदराने पुसून तिने एकेका गाईवरून बोट फिरवलं. मग तिथेच शिळेला पाठ टेकून ती खाली बसली. ते बघून उरलेल्या दोन शिळांपाशीही बाया जाऊन बसल्या.

"आजी, आता कशाला बसता?" गुत्तेदार वैतागला. "पोरगीच सांगून राह्यली, देव न्हाई म्हणून."

"म्हणून तर बसले," गोजरबाई म्हणाली. "देव असता तर त्यानं त्याचं बघून घेतलं असतं. ही माणसं हायेत. ह्यांचं आपल्यालाच बघावं लागंल."

सरपंचांची मान खाली गेली. "ट्रॅक्टर काढा इथून," ते गुत्तेदाराला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गुरुजी खात्याच्या साहेबांना घेऊन आले. साहेबांनी चारही शिळा पाहिल्या आणि विचारलं, "ह्या वाचवल्या कोणी?"

सरपंचांनी तिन्ही पोरांना पुढे केलं. सत्यशीलाच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "मी फोडायला बराबर म्हणलो होतो, साहेब. ह्या पोरीनं मला सगळ्यांदेखत खोटं पाडलं, ते लई चांगलं केलं."