पाच सेकंदांची जागा

जेवणं आटोपल्यावर मुखरूभाऊनं शेकोटी उकरली. नवे वनरक्षक जवळ सरकले.

"अर्धं मले प्रणितनं सांगितलं," तो म्हणाला. "अर्धं मी माह्या चौकीतल्या सेटवर ऐकलं."

गेल्या साली, नऊ फेब्रुवारी, रविवार. चामोर्शीकडच्या जंगलात टेकडीवर वायरलेसचा रिपीटर आहे, चौक्यांचं बोलणं उचलून दूरवर पोचवणारा. फ्रिक्वेन्सी किंचित बदलली होती. खालचे सेट दुपारीच बदलून झाले. रिपीटर नव्यानं जुळवायला वायरलेसवाला प्रणित एकटाच वर चढला. रात्री आठच्या हजेरीआधी काम संपवायचं होतं.

टेकडीचं हे काम आधी गोपालकडे होतं. तो मलेरियानं गेला. दोन वर्षांनी प्रणितनं त्याच्या बायकोशी, दीपालीशी लग्न केलं. दीपाली खाली कंट्रोलवर बसून वायरलेसवर एकेका चौकीची हजेरी घ्यायची. हजेरीत टेकडीचा नंबर आला की ती पाच सेकंद गप्प राहायची. साऱ्या चौक्या गप्प राहायच्या. टेकडी आता प्रणितची होती, तरी.

"मेलेल्याची हजेरी काऊन घेतेस?" तो घरी विचारायचा.

"घेत नाई. जागा सोडून ठेवली हाय."

ते पाच सेकंद त्याला घास गिळू देत नसत.

त्या रात्री त्यानं रिपीटरच्या फिल्टरचे, फ्रिक्वेन्सी जुळवायचे दांडे केसभर-केसभर सरकवले. मीटरचा काटा चढला. त्यानं नट आवळले. या फ्रिक्वेन्सीवर गोपाल कधी बोललाच नव्हता. ही आपली, कोरी.

आठ वाजले. हजेरी सुरू झाली. बुधूची चौकी बोलली. मग टेकडी...

शांतता.

एक. दोन.

प्रणितनं बटण दाबलं. "दीपाली, मी बोलून राह्यलो. आता ही जागा माही."

बटण सोडलं.



मग दीपाली. अगदी हळू.

"किती दिवसांनी बोलले तुमी..."

"अवं, मी... प्रणित."

"बोला ना. थांबू नका."

मुखरूभाऊनं काडीनं निखारे सारले.

"शब्द प्रणितचे होते. आवाज गोपालचा."

"सेट खराब असन, भाऊ," नव्यांमधला अश्विन म्हणाला.

"तीन मेकॅनिक येऊन गेले. बाकी साऱ्याइचे आवाज बरोबर येतात. त्याचा तेवढा..."

"अन् दीपालीबाई?"

"घरी त्यानं तोंड उघडलं की हात वर करते. म्हणते, इथी नोका बोलू. टेकडीवर जा. तिथून बोला."

लाकूड तडकलं.

"अन् तो जाते... रोज."