टाकीतली मालकीण

या, असे जवळ सरकून बसा. लांब बसलात तर बारीक आवाज कानी पडायचा नाही, आणि आजची कथा सगळी एका बारीक आवाजाची आहे. प्रेमाची आहे. देवाच्या मनात आलं की तो दोन जीवांची गाठ कुठल्या निमित्तानं घालून देईल, याचा नेम नाही. इथं त्यानं दगडांचं निमित्त केलं, ते ऐका.

एक होती दातांची डॉक्टरीण. दवाखाना मूळचा वडिलांचा. दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि खुर्ची, अवजारं, पेशंट सगळं हिच्याकडे आलं. त्याबरोबर आली बाहेरच्या खोलीतली खाऱ्या पाण्याची टाकी. चांगली चार फूट लांब, दहा वर्षांची जुनी. आत समुद्रातले दगड एकावर एक रचलेले आणि त्यांच्यावर जिवंत प्रवाळ, जांभळं, हिरवं, वाऱ्यावर डुलल्यासारखं पाण्यात डुलणारं. त्यातला एकेक दगड वडिलांनी स्वतःच्या हातानं लावला होता. म्हणून लेक काच रोज पुसायची, पण रचनेला तिनं कधी बोट लावलं नाही.

प्रवाळ मात्र कोणाच्या आठवणीसाठी थांबत नाही. ते वाढत गेलं, वाढत गेलं, आणि त्या भारानं वरचा मोठा दगड झुकून काचेला टेकला. मागच्या बाजूला पाणी फिरेना, गाळ साचला. काउंटरवर बसणाऱ्या आईनं एक दिवस सांगून टाकलं, की काच फुटून खोलीत समुद्र यायच्या आधी जाणत्या माणसाला बोलावते आहे.

तो जाणता माणूस आला तेव्हा बाकावर चार पेशंट होते. डॉक्टरीण दारात आली. पाहते तो जाड चष्म्याचा एक तरुण उजवा गाल तळव्यात धरून टाकीसमोर उभा.

"फार दुखतंय का? या, तुम्हाला आधी घेते," ती म्हणाली.

"मी… टाकीसाठी आलोय."

"मग गाल का धरलाय?"

त्यानं चोरी पकडल्यासारखा हात खाली घेतला. बाकावरचे चौघे हसले. त्याची दाढ दुखत होती आणि डॉक्टरच्या खुर्चीची त्याला भारी भीती होती, हे सगळं तिला त्याच्या चेहऱ्यावर वाचता आलं.  आत जाता जाता तिनं जरा जास्तच वेळ मागे वळून पाहिलं.

रविवारी दवाखाना बंद ठेवून काम काढलं. पाण्याची पिंपं आली, बादल्या आल्या. त्यानं चष्मा काढला, खाऱ्या पाण्याचे शिंतोडे उडून काचा खराब होतात म्हणून. आणि ठेवायला जागा दिसेना तेव्हा तिनंच तो घेऊन आपल्या पांढऱ्या कोटाच्या खिशात टाकला. बिनचष्म्याचा तो अगदी भाबडा दिसत होता.

त्याची कामाची एक रीत होती. दगड उचलला की थेट बाहेर घ्यायचा नाही. पाण्याच्या वर अर्धवट धरायचा आणि शंभर आकडे मोजायचे, म्हणजे भोकांत लपलेले जीव घाबरून आपोआप खाली उतरतात. तो मोजायचा, ती मासे ओळखायची. वाळूत एक बोटभर लांबीचा, पट्ट्यापट्ट्यांचा मासा होता. तो तळाच्या एका दगडापाशी शेपटी आत, तोंड बाहेर असा दिवसभर उभा असायचा. आई त्याला पहारेकरी म्हणायची. पेशंटांनी विचारलं, की हा कसली राखण करतो, तर वडील गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "आत याची मालकीण राहते." त्या विनोदावर घरातलं हसू केव्हाच संपलं होतं.

प्रत्येक दगडात तिचा जीव अडकत होता. हा बाबांनी असाच लावला होता, तो जरा डावीकडेच असू द्या… दुपारपर्यंत त्यानं ऐकून घेतलं. मग ओल्या हातानं कपाळ पुसत म्हणाला, "डॉक्टर, दुखरा दात काढायला आलेल्या माणसानं दर मिनिटाला तुमचा हात धरला, तर?"

"बोलतंय कोण," ती म्हणाली. "ज्याला आ करायची हिंमत नाही, तो."

हशात काम पुढे सरकलं. मागे पाणी खेळायला वाट ठेवून त्यानं दगडांची अशी कमान उभी केली, की आईसुद्धा खुर्चीवरून उठून पाहायला आली. शेवटी एक दगड उरला. तळाचा, चपटा, बेढब. त्यानं तो उचलून धरला आणि विचारलं, की हा कुठं बसत नाही, काय करायचं.

तिच्या मनात आलं, आत्ता राहू द्या म्हटलं तर हा आयुष्यभर चिडवेल. आयुष्यभर, हे आपल्या मनात कुठून आलं, याचंच तिला नवल वाटलं आणि कान तापले. "न्या तुम्ही," ती फटकन म्हणाली. "मी काही दगडाला कवटाळून बसणारी नाही." तो तिच्या तापलेल्या कानांकडे बघत होता. शंभर आकडे मोजायचे राहिले. दगड बादलीतल्या पाण्यात गेला, आणि बादली त्याच्या माशांच्या दुकानात.

सोमवारी टाकी पाहून पेशंट वाहवा करत होते. डॉक्टरणीला मात्र चैन पडेना. खोलीत काहीतरी नाही, असं सारखं वाटत होतं. मंगळवारी तिला उमगलं: टक्. ती खोली मधूनमधून 'टक्' वाजायची. नवा पेशंट दचकून काचेकडे बघायचा आणि वडील म्हणायचे, "काही नाही, मालकीण रागावली." पंपाचा आवाज असेल, असं समजून तिनं तो ऐकणंच सोडून दिलं होतं. आता तो थांबला होता. आणि पहारेकरी… तो उघड्या वाळूत, जिथं आधी दगड होता बरोबर तिथंच, शेपटी मागे करून उभा होता. दोन दिवस त्यानं अन्नाला तोंड लावलं नव्हतं. त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या, असं आई म्हणाली; माशाच्या बरगड्या आईलाच दिसतात.

 वडिलांनी इतकी वर्षं सांभाळलेला जीव आपण एका दिवसाच्या तोऱ्यात घालवणार, हा विचार डॉक्टरणीला बसू देईना. तिनं टाकीवाल्याला फोन लावला. खोलीतला एक आवाज हरवलाय, हे वाक्य कसं म्हणायचं याची ती जुळवाजुळव करत होती. तोही कावलेलाच होता. दुकानात काहीतरी तडकतंय, काल दोन हीटर बदलले तरी थांबत नाही, असं तो सांगायला लागला, आणि त्याच्या बोलण्याच्या मागून फोनमध्ये ऐकू आलं…

टक्.



"तो दगड," ती हळूच म्हणाली, "वाळवला नाहीत ना?"

"नाही. उरलेला दगड मी आठ दिवस खाऱ्या पाण्यात ठेवतो. जिवंत वस्तूचा निकाल त्याच दिवशी लावू नये." मग पडलेल्या आवाजात, "आकडे मोजायला विसरलो मी. पहिल्यांदाच."

"का विसरलात?"

 उत्तराऐवजी अर्ध्या तासात तो बादली घेऊन दारात उभा राहिला.

दुपारची सुट्टी होती. त्यानं आपल्या हातांनी सजवलेली कमान बाजूला सारली आणि तो बेढब दगड पुढच्या कोपऱ्यात, पहारेकऱ्याच्या मागे, अलगद टेकवला. तिघं बाकावर बसून बघत राहिली. वीस मिनिटं गेली. मग दगडाखालची वाळू हलली आणि भोकातून एक लांब मिशी बाहेर आली, चाचपडत, चाचपडत, आणि माशाच्या शेपटीवर येऊन टेकली. मासा जागचा हलला नाही. फक्त शेपटी एकदा थरथरली.

"कोळंबी आहे," तो कुजबुजला. "हिला फारसं दिसत नाही. घर ही खणते, लक्ष तो ठेवतो. बाहेर येताना मिशी त्याच्या अंगावर. त्यानं शेपटी हलवली की ही आत. नांगीची चुटकी वाजते, तोच तुमचा टक्."

आईनं पदरानं डोळे टिपले. "म्हणजे ते खरंच सांगत होते," ती म्हणाली, "आणि मी इतकी वर्षं म्हणत आले, की पुरे झाला तुमचा पाचकळपणा." मग नाक ओढून तिनं टाकीवाल्याकडे पाहिलं. "आणि तुमच्या दाढेचं काय? सुट्टी संपायला तास आहे."

पळायला वाव नव्हता. तो खुर्चीत बसला. डॉक्टरणीनं त्याचा चष्मा काढून आपल्या खिशात ठेवला, सवयीनं. त्याला पुढे नुसतं धुकं दिसत असणार. त्याचा हात उठला, चाचपडला, आणि तिच्या कोटाचा कोपरा त्यानं दोन बोटांत धरला.

"मी आहे इथंच," ती म्हणाली. "आ करा."

दाढ निघाली. कापूस दाताखाली धरून, अर्ध्या बधिर तोंडानं तो काहीतरी बोलला. शब्द वेडेवाकडे, लाळेत भिजलेले. पण तिला कळले. कान पुन्हा तापले.

"भूल उतरू द्या," तिनं हातमोजे काढत म्हटलं. "बधिर तोंडानं बोललेलं मी धरत नाही."

मग तो माणूस बिनचष्म्याचाच बाहेरच्या बाकावर दोन तास बसला. पेशंट आले, गेले. टाकीतून तीनदा टक् झालं. शेवटचा पेशंट बाहेर पडल्यावर तो उठला, जीभ गालावर फिरवून खात्री केली, आणि दारात जाऊन स्वच्छ, सरळ, एकेक शब्द मोजून पुन्हा तेच बोलला. काय बोलला ते मी सांगत नाही. ते तिचं आहे. तिनं उत्तर दिलं ते मात्र आईनं काउंटरवरून ऐकलं, आणि वही मिटून ती हसली.

"चष्मा माझ्याकडेच राहू दे," असं ती म्हणाली होती. "न्यायला रोज यावं लागेल."

झाली कथा. आता हात जोडून एकच मागणं. कुठल्या शांत खोलीत कधी बारीक 'टक्' ऐकू आलं, तर त्या म्हाताऱ्या डॉक्टरांची आठवण काढा. खरं तेच सांगत राहिले, लोक हसले, तेही हसले, आणि लेकीसाठी त्या दगडाखाली एवढं मोठं सुख राखून ठेवून गेले.