स्पीकरवर शिकलेली मराठी

वर्षअखेरच्या सुट्टीत तो सगळा परका देश घरी बसून खातपीत होता, आणि खाताखाता लोकांच्या कवळ्या मोडत होत्या. म्हणून दात बनवणाऱ्या त्या छोट्या कारखान्यात दोघांना थांबवून घेतलं होतं — मेणात दात रचणारी ती, आणि समोरच्या टेबलावर पॉलिश करणारा तो.

तो ना तिच्या देशाचा, ना त्या देशाचा. दोघंही तिथली भाषा मोडूनतोडून बोलत. पण एके दिवशी तो चक्क मराठीत म्हणाला, "केस बांध आधी!" तिच्या हातातली सुरीच पडली.

तिचे हात कायम मेणाने माखलेले, त्यामुळे आईचा फोन रोज स्पीकरवर, प्लास्टरच्या डब्याला टेकवून. तीन वर्षं ऐकून ऐकून या पठ्ठ्याने मराठी उचलली होती, तीही सगळी आईचीच. ती भिजून आली की हा म्हणणार, "डोकं पूस." शिंकली की, "ऐकत नाहीस ना कुणाचं!"

परवा तर कहर झाला. घरून गरम सूप आणलं, तिच्यापुढे ठेवलं आणि अदबीने मान झुकवून म्हणाला, "गिळा एकदाचं!"

ती हसून हसून बेजार. "अरे, हे कुठून शिकलास?"

"आई म्हणते ना… बाबांना. मान देऊन."

"मान आहे खरा," ती डोळे पुसत म्हणाली. "पण ते रागाचं आहे, वेड्या."

"राग? नाही…" तो हळूच म्हणाला. "आई आधी वाढते. मग म्हणते."

तिने सूप शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलं.

शनिवारी तिचं विमान होतं, कायमचं परतीचं. तीन वर्षं घरासाठी तिचा जीव तुटत होता, आणि आता बॅग भरली तर जीव इथेच घुटमळत होता. करार वाढवायचा कागद साहेबांनी टेबलावर ठेवला होता. आज संध्याकाळपर्यंत सही केली तर ठीक, नाहीतर जागा गेली. त्याने एकदा 'थांब' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. तो म्हणेना. म्हणणार तरी कसा? आई फोनवर नेहमी 'ये' म्हणायची. 'थांब' त्याने ऐकलंच नव्हतं.

दुपारी फोन आला.

"सामान भरलंस ना?" आई म्हणाली. "वाळून काडी झाली असशील. कोण बघतंय तिथे तुझ्याकडे!"

पॉलिशचं यंत्र थांबलं. तो उठून फोनपाशी आला.

"आई… मी बघतो. रोज. ही जेवत नाही, मी बसवतो. शनिवारी ही गेली, तर मी…" पुढची मराठी संपली.

ती सुरी खाली ठेवून फोनकडे वळली.

"कोण रे तू?" आईने विचारलं.

"समोरचा… पॉलिशवाला."

"हं. हिच्याकडे बघतोस ते बरंच आहे. पण तुझी आई कुठे असते?"

"लांब. खूप लांब."

"मग बाळा, तुला कोण जेवायला घालतं?"

तो तिच्याकडे बघत राहिला… एरवी तिने मान वर केली की नजर चोरायचा, आज चोरली नाही.

तिने घाईघाईने हात फडक्याला पुसले आणि कागद पुढे ओढून सही केली.

"मी घालीन, आई," ती म्हणाली. "मी थांबतेय."