कोटाच्या बाहीवरचे हिरवे ठसे

दारावरचा लाल दिवा न बघताच मी लेझरच्या अंधाऱ्या खोलीत घुसले आणि तिथल्या संशोधकाचं दोन तासांचं मोजमाप वाया घालवलं. रागावण्याऐवजी तो म्हणाला, "आलाच आहात, तर दार तरी लावा." तेव्हापासून माझं डोकं काही ठिकाणावर नाही.

मी शेजारच्या खोलीत एक पांढरी भुकटी बनवते. तिचे कण इतके बारीक, की रक्तातून सहज फिरतील. एरवी ती मिठासारखी दिसते, पण डोळ्यांना न दिसणारा लेझर तिच्यावर पडला की हिरवीगार उजळते. शरीरातली गाठ नेमकी कुठे आहे, ते उद्या सर्जनला हाच उजेड दाखवेल अशी आमची आशा. कुपी घेऊन मी रोज त्याच्याकडे जायचे... कधी कधी कुपी नसतानाही.

मग एक दिवस त्याच्या लेझरखाली काहीच न ठेवलेल्या कोऱ्या काचेवरही हिरवे ठिपके दिसले. भुकटी कुठून सांडतेय ते शोधा आणि रजिस्टरमध्ये लिहा, नाहीतर दोन वर्षांचा सगळा साठा सदोष समजून बाद, असं प्रयोगशाळेच्या सरांनी बजावलं.

आम्ही दोघं गॉगल लावून, दिवे मालवून शोधायला लागलो. त्याने लेझर टेबलावरून, खुर्चीवरून, कपाटावरून फिरवला. सगळीकडे काळोख. मग दाराआड टांगलेला त्याचा कोट आला, आणि बाहीवर चार बोटं, एक अंगठा हिरवे उजळले.

"माझे नाहीत हे," तो हळूच म्हणाला. "माझा पंजा फावड्याएवढा आहे."

सांगावं तर लाजेने मरण, न सांगावं तर दोन वर्षं पाण्यात. मी दिवा लावला आणि रजिस्टरमध्ये 'कारण' या रकान्यात एका दमात लिहिलं – 'चूक माझी. हा जेवायला गेला की मी हातमोजे न काढता याच्या कोटाची बाही धरून उभी राहते. तिथूनच भुकटी काचेवर गेली. साठा निर्दोष आहे.'

मग मी भिंतीवरचं वेळापत्रक वाचत बसले. त्याने पान दोनदा वाचलं.

"मी लांबच्या रस्त्याने जेवायला जायचो," तो म्हणाला. "तुमच्या खोलीवरून... तुम्ही दिसाल म्हणून. आणि तुम्ही इथे!"

'उपाय' या रकान्यात त्याने लिहिलं – 'यापुढे मी असताना ये. हातमोजे काढून.'

खाली दोघांच्या सह्या लागतात. माझी मी डाव्या हाताने केली, उजवा मोकळा नव्हता.